नऊ शब्दांचे अकरा अर्थ

एका निवृत्त मुद्रितशोधकाने तळमजल्यावर खोली बदलून मिळावी म्हणून गृहविभागाकडे अर्ज केला, ही तशी साधी गोष्ट. राहायला चौथा मजला, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिन्यात पडल्यापासून पत्नीला काठीवाचून उभं राहता येत नाही. तळमजल्यावरची एक खोली महिनाअखेरपर्यंत रिकामी होती. पुढे ती यादीतल्या दुसऱ्या कोणाला जाणार होती. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात एकच वाक्य लिहायचं, तेही इंग्रजीत, कारण विभागाने नव्याने आणलेलं वाचनयंत्र इंग्रजीच वाचत असे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या त्या गृहस्थाने नऊ इंग्रजी शब्दांत लिहून टाकलं की, माझी पत्नी काठीसह जिन्यात पडली: 'My wife fell on the stairs with the stick.' वाक्यावरून त्याने तीनदा नजर फिरवली. चूक नव्हती.

आठवड्याने खिडकीवरच्या बाईंनी त्याच्या हातात एक लांबलचक कागद ठेवला.

"काका, तुमच्या वाक्याचे अकरा अर्थ निघालेत."

"मी तर एकच लिहिला होता."

"तुम्ही एकच लिहिलात. यंत्राला अकरा सापडले. व्याकरणात बसेल तो प्रत्येक अर्थ ते काढतं, आणि परिपत्रकाप्रमाणे प्रत्येक अर्थाची वेगळी फाईल होते. सगळ्या निकालात निघाल्या की खोली तुमची."

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. अकरांतला सर्वांत संभवनीय अर्थ निवडायची सोय ते बनवणाऱ्यांनी दिलीच होती. पण निवड केली की खाली कोणाची तरी सही लागणार, आणि ती कोणी करायची यावर तीन बैठका होऊन ती सोय एकमताने बंद ठेवण्यात आली.

पहिल्या अर्थात काठी पत्नीच्या हातात होती, तो सुदैवाने मान्य झाला. दुसऱ्यात काठी जिन्याची होती. सार्वजनिक जिन्यात वस्तू ठेवल्याबद्दल अतिक्रमण विभागाची नोटीस आली. तिसऱ्यात पत्नी वरून कुठून तरी येऊन जिन्यावर पडली होती, तेव्हा तिला गच्चीची किल्ली कोणी दिली याचा खुलासा तीन प्रतींत मागवला होता. चौथ्यात ती पडली ती काठीमुळेच. मग काठी चालवली कोणी? नवऱ्याने चालवली नाही, असा पोलीस ठाण्याचा दाखला हवा होता.

ठाण्यातल्या हवालदाराने त्याला खालीवर न्याहाळलं. "बायकोला मारत नाही म्हणता, मग दाखला कशाला लागतो?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात दोन दिवस गेले. तोवर सातव्या अर्थाची फाईल हलली होती. तीत पत्नीबरोबर काठीही स्वतंत्रपणे पडली होती, म्हणून काठी तपासणीसाठी जमा करायची होती.

"अहो, काठी नेलीत तर मी उठायचं कसं?" पत्नीने विचारलं.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पडले मी, आणि तपासणी काठीची," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी काठी घेऊन तो गेलाच.

काठीची पावती घेताना मात्र त्याच्याने राहवलं नाही. "बाई, खरं सांगा. तुम्हाला या वाक्याचा अर्थ कळला की नाही?"

बाईंनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "पहिल्याच दिवशी कळला हो, काका. माझी आईसुद्धा अशीच पडली होती. पण मला कळलं, हे लिहायला रकाना नाही."

बाई मनाच्या चांगल्या होत्या. परिपत्रक उलटंपालटं करून त्यांनी वाट काढली. पडलेली व्यक्ती समक्ष हजर राहून तोंडी खुलासा देईल तर उरलेले दहा अर्थ एकदम बंद करता येत होते. महिना संपायला दोन दिवस होते. मुद्रितशोधक आणि शेजारचा सुतार यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली.

"वहिनी, घट्ट धरा, आणि खाली बघू नका," सुतार म्हणाला. चार मजले उतरायला पाऊण तास लागला.

कार्यालयात सगळे हळहळले. साहेबांनी जातीने पाणी दिलं. तिने दोन वाक्यांत खुलासा केला आणि दहा फायली एका दमात बंद झाल्या. उरला हजेरीचा कागद. अर्जदाराची पत्नी चौथ्या मजल्यावरून खाली येऊन कार्यालयात हजर झाली, एवढंच त्यावर लिहायचं होतं. यंत्राने त्या वाक्याचा एकच अर्थ काढला. असं प्रथमच घडत होतं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. साक्षीला पाच सह्या हव्या होत्या. म्हातारीला ताटकळावं लागू नये म्हणून रांगेतल्या पाच जणांनी, न वाचता, पटापट सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. अर्जदाराची पत्नी चौथ्या मजल्यावरून उतरू शकते हे पाच साक्षीदारांनिशी सिद्ध झालं असल्याने खोली बदलण्याचं कारण उरत नाही. काठीची तपासणी चालू आहे.

मुद्रितशोधकाने सवयीने आदेश तीनदा वाचला. चूक नव्हती. मग भिंग घेऊन तो सोबत जोडलेल्या सह्यांची अक्षरं लावत बसला. चार लागल्या. पाचवी फारच घाईत केलेली होती, ती काही केल्या लागेना. जरा तुम्ही बघता का? रांगेत तुम्हीही होतात, आणि म्हातारीला काय हवं होतं, ते तर तुम्हालाही कळलं होतं.