मोंबासाचा नवरा आणि तीन सेलचा बल्ब

दुपारी चार वाजता मकसूदच्या हातून पेटी निसटली आणि मोंबासाचा नवरा मुलगा अंधारात गेला.

पेटी म्हणजे स्लाइड बघायचं यंत्र. दोन भिंगांना दोन डोळे लावायचे, खटका दाबायचा. आतला बल्ब लागला की फोटोतला माणूस जणू उठून पुढ्यात उभा. मुलगा आफ्रिकेत, मोंबासाला; त्याचा चाचा हमीद ती घेऊन मुरुडला आला होता. तो पडवीत चहा पीत होता आणि पाचच्या एसटीआधी त्याला जबाब हवा होता. मकसूदने पडवीतच मुलाचा चेहरा बघितला, "गोरापान हाय," अशी बहिणीला ग्वाही दिली आणि पेटी आत बायकांकडे नेताना उंबऱ्याला ठेचकाळला.

खटका दाबून बघितला. उजेड नाही. भाचीसाठी हे स्थळ मकसूदनेच आणलं होतं. त्याने गुपचूप आपल्या तीन सेलच्या टॉर्चचा बल्ब काढून पेटीत बसवला. लागला; पण पेटीत सेल दोनच.

बहिणीने, शहरबानूने, डोळे लावले.

"हा गोरा?"

"व्हय, आपा."

"करपलेल्या बांगड्यावानी दिसतोय!"

"बल्ब मंद हाय. तीन सेलवाला..."

"बल्बाला नको नावं ठेवूस. आणि मागं ती कोण?"

"कोण?"

"बाई! खांद्यामागं, वीतभरावर."

मकसूदने पेटी हिसकावली. पिवळ्या अंधारात मुलाच्या मागे खरंच काहीतरी उभं होतं. मघाशी त्याने चेहऱ्यापलीकडे काही बघितलंच नव्हतं.

"पडदा असंल, आपा."

"पडद्याला खांदे असतात?"

आफ्रिकेत दुसरा संसार थाटलेले दोन जावई मुरुडातच निघाले होते, आणि त्यांची स्थळं आणणाऱ्यांना आजही कुणी दारात उभं करत नव्हतं.

"मकसूदभाई, पसंत हाय ना?" पडवीतून हाक आली.

"बघतायत! नीट बघतायत!" त्याचा आवाज चिरकला.

तो मागल्या दाराने शेजारी पळाला आणि एका सेलच्या छोट्या टॉर्चचा बल्ब घेऊन आला. एका सेलच्या बल्बाला दोन सेल लावले की तो पांढराफेक पेटतो, हे त्याला माहीत होतं. किती वेळ, हे माहीत नव्हतं.

बल्ब बसला तोच दाराआड उभ्या जहुराने हात पुढे केला.

"निकाह माझा हाय ना, मामू?"

तिने खटका दाबला. तिच्या भुवया लख्ख उजळल्या. मग टिक् झालं आणि सगळं विझलं.

"काय दिसलं?" दोघांनी एकदम विचारलं.

जहुरा गप्प.

"बाई हाय?"

गप्प.

"मग पडदा?"

तिने ओढणी नाकापर्यंत ओढली.

नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला. हमीद उंबऱ्याशी आला. "मुलगी काय म्हणते?"

"काय बोलत नाय," मकसूद खरं तेच बोलला.

"गप्प हाय? माशाल्ला!" हमीदने त्याला मिठीच मारली. लग्नाचं विचारल्यावर मुलगी गप्प राहिली की होकार, ही रीत त्याला कुणी शिकवायला नको होती. मकसूद तोंड उघडतोय तोवर त्याने पेटी काखोटीला मारली आणि एसटी गाठली.

मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली तरी जहुरा बोललेली नव्हती. ओढणीआड तिचं अंग गदगदत होतं. हसण्याने की कशाने, हे कळण्याइतका उजेड घरात नव्हता.