रिकामा डबा

पाहुण्या यायला तासभर उरला, तेव्हा दशरथरावांना जेसल पार्कातलं आपलं घर पहिल्यांदाच नीट दिसलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. आइस्क्रीमच्या डब्यात हरभऱ्याची डाळ, श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, बटरच्या डब्यात सुईदोरा. जिकडे पाहावं तिकडे प्लास्टिक!

आणि येणार कोण, तर लेकीच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई, जर्मनीच्या उर्सुला. पुढारलेल्या आणि पुढारणाऱ्या देशांतली घरं पर्यावरणासाठी काय करतात, याची त्या पाहणी करत होत्या. तिकडचं घर म्हणून त्यांनी स्वतःचंच धरलं होतं. इथलं घर इशितानं हौसेनं आपलंच सुचवलेलं. पोरीची नोकरी अजून कच्ची होती आणि पाहणी बरी झाली तरच पक्की होणार होती.

दशरथरावांनी डाळ, मोहरी भराभर पातेल्यांत ओतली आणि घरातले असले सगळे सात डबे उचलले.

"माझे डबे कुठे नेताय?" अनसूयाबाई मागे धावल्या. "परत आले पाहिजेत हं!"

"अगं, लेकीच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

डबे समोरच्या हंसाबेनच्या हातात कोंबून, "रखो ना बेन, बाद में देना," एवढंच म्हणून ते पळाले. इथेच घोटाळा झाला.

उर्सुलाबाई आल्या. दशरथरावांनी कालच आणलेले बांबूचे चमचे दाखवले, कागदी पिशव्या दाखवल्या. बाई "नाइस, नाइस" म्हणत होत्या, पण वहीत अक्षर उतरत नव्हतं. इशिताचा चेहरा पडत चालला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात हंसाबेन, हातात आइस्क्रीमचा डबा.

"अहो बेन, बाद में बोला था ना!"

"तो बाद में ही आयी. डेढ़ घंटा हो गया."

उर्सुलाबाईंनी कुतूहलानं झाकण उघडलं. आइस्क्रीम कुठलं, आत गरम थेपले! पाच मिनिटांनी पुन्हा बेल. श्रीखंडाच्या डब्यात कैरीचा छुंदा. मग बटरच्या डब्यात मोड आलेले मूग. दशरथरावांना दरदरून घाम फुटला.

"बस करो ना, बेन!"

"खाली डब्बा लौटाऊँ? मने तो शरम आवे!"

"हे काय चाललंय?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा इशितानं भीत भीत सांगून टाकलं. हा डबा नऊ वर्षं जुना. या घरातून त्या घरात फिरतोय, पण रिकामा कधीच परतला नाही. बाईंचं पेन जे सुरू झालं ते थांबेचना.

"आमच्याकडे आइस्क्रीम संपलं की डबा कचऱ्यात," त्या ओशाळून म्हणाल्या. "कचऱ्याचे डबे तेवढे चार रंगांचे आहेत."

दशरथरावांना हंसाबेनच्या पाया पडावंसं वाटलं. शेजार असावा तर असा!

बाई थेपल्यांचा डबा घेऊन निघाल्या, तशा अनसूयाबाई लिफ्टपर्यंत गेल्या. "इशिता, त्यांना सांग, डबा परत हवा."

"आई, प्लीज!"

दोन महिन्यांनी, इशिताची नोकरी पक्की झाली त्याच आठवड्यात, जर्मनीहून पार्सल आलं. खोक्यात खोकं, त्यात फुगेवाल्या प्लास्टिकचे चार थर आणि आत तोच डबा, बदामाच्या बिस्किटांनी शिगोशीग भरलेला. सोबत चिठ्ठी होती, 'रिकामा कसा पाठवू?' दशरथरावांचे डोळे भरून आले.

"आधी हंसाबेनला देऊन येतो," म्हणत त्यांनी निम्मी बिस्किटं वाटीत काढली.

अनसूयाबाईंनी ते फुगेवालं प्लास्टिक निगुतीनं घडी करून दारामागच्या पिशव्यांच्या पिशवीत खोचलं.

"डब्याचं शिकल्या हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "पुढारतील हळूहळू."