पोर गौराचं

“मावशी, दोऱ्या सोडू नका हं. मला या दोघी दोऱ्यांवरूनच ओळखू येतात.”

दोन महिन्यांपूर्वी पूनम डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. त्यांचंही खरंच. दोन्ही गाढविणी एकसारख्या राखाडी. म्हातारी गौरा त्या जुन्या जातीची, घरातली शेवटची. तिचा वंश राहावा म्हणून दोघींना सोलापूरच्या केंद्रात नेलं होतं. परतल्या तेव्हा गौराच्या गळ्यात लाल दोरी, तरण्या तुंगाच्या गळ्यात हिरवी. बाई म्हणाल्या होत्या, “पोर गौराचं. हिरवी दोरी गाभणीची.”

दुधनीच्या केराबाई कुंभारणीला बाईंची चूक तेव्हाच कळली. पण एवढ्या शिकलेल्या बाईला तोंडावर कसं सांगावं? गाडी वळल्यावर तिने गुपचूप दोऱ्या बदलल्या.

तेव्हापासून गौराला सावली, भरडा आणि गूळ. शुक्रवारी ओटीसुद्धा भरली. गौराने ती हळदीकुंकवासकट खाल्ली. तळ्याची माती वाहायला एकटी तुंगा.

आज बाईंनी हिरव्या दोरीचं पोट यंत्राने तपासलं. पुन्हा तपासलं. “गर्भ नाही, मावशी. आणि गौराचं वय पाहता परत घेता यायचा नाही.”

केराबाईने गौराचं तोंड कुरवाळलं. “वंश बुडाला की वो!”

“आत्या, दोऱ्यांचं सांगा की आता!” सून ऋतुजा म्हणाली.

“आगं, बाईंची चूक चारचौघांत कशी काढू?”

“माझी कसली चूक?”

सगळं ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, बीज गौराचं, पोट तुंगाचं! म्हातारीला पेलवणार नाही म्हणून गर्भ तरणीच्या पोटात ठेवला. तुंगा कुठाय?”

तुंगा सवयीने एकटीच तळ्याकडून येत होती. पाठीवर ओल्या मातीच्या दोन गच्च गोण्या.

“आगं माजे बाई!” केराबाई धावली. तिघींनी गोण्या उतरवल्या. बाईंनी यंत्र लावलं तशी केराबाई तुंगाच्या कानाशी लागली, “लेकरू सुखरूप असू दे गं. आजपासनं तुज्या पाठीवर माती न्हाय. मी आनीन.”

पडद्यावर काहीतरी इवलंसं लुकलुकलं.

“आहे!” बाई ओरडल्या. “मावशी, आहे!”

केराबाईने पदर डोळ्यांना लावला. मग तोच पदर तुंगाच्या घामेजल्या पाठीवरून फिरवला.

चहा घेऊन बाई गेल्या.

“आत्या, माती सांजच्याला हे आनतील की,” ऋतुजा म्हणाली. “सोमवार हाय तुमचा, पोटात कायबी न्हाय.”

“शबूद मी दिलाय. त्यानं न्हाय.”

केराबाईने घमेलं उचललं. सवयीने तुंगा मागे निघाली. केराबाईने तिला परत आणून सावलीत गौराशेजारी बांधलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तळ्याच्या वाटेला लागली.