दोन माणसांचा हत्ती

दुःख ही एकट्याला पेलणारी गोष्ट नव्हे, म्हणून जानेफळात ती जबाबदारी गाव घेतं. शालिग्रामची बायको अन्नपूर्णाबाई गेल्याचं कळलं त्या सकाळी नऊच्या आत त्याच्या ओट्यावर चाळीस जबाबदार माणसं जमली. (चहा सदतीसांनी घेतला.) त्याने केव्हा रडावं, केव्हा थांबावं, हे त्यांनी सांगितलं. तो रडलाच नाही. सगळ्यांनी समजून घेतलं आणि गावभर सांगितलं.

तीन महिन्यांनी, रिवाजाप्रमाणे, त्याचं मन रमवायची वेळ आली. मेहकरला आधुनिक सर्कस लागली होती. मेहुणा रंगराव म्हणाला, "चाला भाऊजी! किती दिवस भिताडाकडं पाहून राह्यता?" शेजारच्या सत्यभामाबाईही निघाल्या; कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच.

शालिग्रामची ना नव्हती. अन्नपूर्णाबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे बाजार असो की लग्न, तो एकटा जायचा आणि घरी येऊन सगळं सांगायचा. त्या भाजी निवडत म्हणायच्या, "मंग?"

आधुनिक सर्कशीत जनावरं नसतात. कायद्याचा मान राखून हत्तीच्या जागी राखाडी कापडात दोन माणसं होती. पुढच्याने सलाम केला, तेव्हा मागचा खाली बसला. पुढचा बसला, तेव्हा मागचा उठून चालू लागला. शालिग्राम पोट धरून हसला.

तंबूतले सगळे मोबाइल हत्तीकडे होते. सत्यभामाबाईंचा तेवढा शालिग्रामकडे.

"हासले वं माय!" त्या म्हणाल्या. "तीन महिन्यात हासले!"

"त्याच्यासाठीच तं आणलं ना, मावशी."

"हाव, पण इतलं?"

तो घरी पोचायच्या आधी व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर पोचला. त्रेचाळीस जणांनी पाहिला. एकोणीस जणांना हसणं लवकर वाटलं, अकरा जणांना मोठं वाटलं, तेरा जणांनी सवयीने हात जोडले. सहा महिने ओठ मिटून हसावं, वर्षानंतर दात दिसले तरी चालतील, असं ठरलं. रंगरावने 'सहमत' लिहिलं.

तीन महिने पुरे की कमी, हे एव्हाना तुम्हीही मनात ठरवलं असेलच. तुमचं मतही धरू. म्हणजे चव्वेचाळीस झाले.

शालिग्रामने कुलूप काढलं, चपला काढल्या आणि दारातूनच म्हणाला, "अवं, त्या हत्तीचा मागचा माणूस..."

पुढचं सांगायचं राहिलं आहे.