अंगद मास्तरांची नेमकी चूक

अंगद मास्तरांनी पंचकमिटीत नियम मांडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दोनच बाया होत्या, गिरिजाबाई आणि झुंबरबाई. परतूरच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दोघी एकाच बाकावर बसायच्या आणि दोन वर्षांपासून एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. नियम असा: ज्याचा कुणाशी अबोला असेल त्यानं समेट होईपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही, शेवटच्या बाकावर बसायचं. नुसतं 'चुकलं' म्हणून भागणार नाही. चूक नेमकी सांगायची, तीही दोन साक्षीदारांसमोर. पाळकसाहेब म्हणाले, जरा सबुरीनं घ्या. पण मास्तरांनी शाळेत तीस वर्षं पोरांना शिस्त लावलेली. ते कसले ऐकतात!

शिवाय येता रविवार त्यांचा होता. त्यांची मुलगी शालू पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणार होती आणि भाकरीचं ताट फिरवायचा मान मास्तरांकडे होता. पोरीच्या हातावर पहिला तुकडा आपल्या हातानं पडावा, एवढीच त्यांची इच्छा. ती त्यांनी महिनाभर गावभर सांगितली होती.

शनिवारी दुपारी गिरिजाबाई आणि झुंबरबाई जोडीनं दारात हजर झाल्या. नियमाच्या धाकानं त्यांचा समेट दहा मिनिटांत उरकला होता आणि मोकळ्या झालेल्या तोंडांना आता काम हवं होतं.

"आम्ही साक्षीदार म्हणून आलो, मास्तर," झुंबरबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले, तुमच्या घरातून एकट्या तुमचाच आवाज येऊन राह्यला. बाई तुमच्याशी बोलंनात."

मास्तर हसायला गेले आणि थबकले. बायको शेवटचं काय बोलली होती? सोमवारी त्यांनी तिला शिस्तीचं महत्त्व सांगितलं होतं, मंगळवारी त्याचाच पुढचा भाग. तिनं मान हलवलेली आठवत होती, शब्द मात्र एकही आठवेना. उद्याचं ताट हातचं जायची वेळ आली होती.

ज्योत्स्नाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं," मास्तर घाईनं म्हणाले.

"नेमकं काय ते सांगा," गिरिजाबाईंनी खुर्चीत बसत बजावलं.

आता आली का पंचाईत! मास्तरांनी अंदाजानं सुरुवात केली. डब्यातली भोपळ्याची भाजी आपण वर्षभर शिपायाला देतो. ज्योत्स्नाबाईंच्या भुवया वर गेल्या. म्हणजे हे नव्हे, असं समजून मास्तर पुढं सरकले. धावड्याला राहणाऱ्या तुझ्या भावाला, प्रितमला, उद्या यायचा निरोप दिला म्हणालो, तो दिलाच नाही, कारण तो आला की आपल्याला कुणी विचारत नाही. भुवया आणखी वर गेल्या. मास्तरांना घाम फुटला. महिला मंडळाच्या अध्यक्षपदाला कमिटीत तुझं नाव आलं होतं, ते मीच पाडलं आणि खापर गिरिजाबाईंवर फोडलं. हे ऐकून साक्षीदार गिरिजाबाई खुर्चीतून उठल्या.

ज्योत्स्नाबाईंनी घसा खाकरला. आवाज अजून फाटकाच होता.

"घसा बसल्ता माझा. डॉक्टरनी आठ दिवस बिलकुल बोलू नका म्हणलं. चिठ्ठी तुमच्यापुढं धरली, तर तुम्ही सही कुठं करू म्हणून इचारलं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तुझी माझ्यावर काही तक्रार नाही?"

"नव्हती," त्या म्हणाल्या. "आता हाय."

रविवारी ताट पाळकसाहेबांनी फिरवलं. शालूच्या हातावर तुकडा पडला तेव्हा शेवटच्या बाकावरून मास्तरांना नुसती तिची वेणी दिसली. त्यांना रडू आलं, आणि ते स्वतःच्याच नावानं आलं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. नियमाप्रमाणे ज्योत्स्नाबाईही त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. मास्तरांनी हळूच विचारलं, घसा कसा आहे?

ज्योत्स्नाबाई समोर बघत राहिल्या. घसा आता ठणठणीत होता.