एकशेवीस सायकली आणि एक चढ

सार्वजनिक सायकल योजना या विषयात आमच्या महापालिकेत माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो! मी वाहतूक शाखेचा अभियंता. समुद्राकाठच्या एका नावाजलेल्या शहरात आठ दिवस अभ्यासदौरा केला, त्यांची चौऱ्याऐंशी पानी योजना उचलली आणि फक्त शहराचं नाव बदललं. एकशेवीस सायकली, दोन तळ. एक वर, महापालिकेसमोर. दुसरा खाली, बाजारात. कुठूनही घ्या, कुठेही ठेवा.

माझे वडील निवृत्त बसचालक. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "त्या चढावर बत्तीस वर्षं मी पहिल्या गिअरमध्ये काढली. लोक पायाने चढवणार?"

मी त्यांना समजावलं, की अख्ख्या चौऱ्याऐंशी पानांत चढ हा शब्द कुठेच नाही, म्हणजे चढाचा प्रश्न त्या लोकांनी केव्हाच सोडवलेला असणार. बाबा ताटात लक्ष घालून जेवू लागले.

सकाळी आयुक्त मॅडमनी फीत कापली. लोक अक्षरशः तुटून पडले. अर्ध्या तासात बाजारातल्या रखवालदाराचा फोन, सायकली आल्या म्हणून. मी ते मॅडमना ऐकवलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन, अजून आल्या. मॅडम खूश. तिसऱ्या फोनला रखवालदाराचा आवाज बदलला होता. तळावर जागा तिसाची, सायकली नव्वद, आणि एक भाजीवाली कोथिंबीर शोधत होती. सायकलींच्या ढिगाखाली.

वर एक सायकल परत येईना, आणि रांग तर जिन्यापर्यंत गेलेली. शाखेचा ट्रक पाठवून सायकली वर आणाव्यात, असं मी ठरवलं. ट्रक उभा होता, पण चालक नव्हता. चौकशी केली तर तोही हौसेने सायकलवरून खाली गेलेला.

शेवटी बाबांनाच फोन केला. ते दहा मिनिटांत आले, आरसा नीट केला आणि ट्रक काढला.

दरम्यान मी स्वतः परिस्थिती पाहायला शेवटची सायकल घेऊन उतरलो. उतरताना योजनेवरचा माझा विश्वास पुन्हा बसला, इतका छान वारा होता. मग लोकांना धडा घालून द्यावा म्हणून तीच सायकल चढवायला घेतली. तिसऱ्या दिव्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो, तेव्हा बाबांचा ट्रक शेजारी येऊन थांबला. मागे सायकली होत्याच, पण त्यांच्या मधोमध पंधरावीस माणसंही बसली होती. वर जायला वाहन दिसल्यावर कोण सोडतंय!

मीही चढलो. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. ही योजना काढणाऱ्याचं डोकं कुठल्या मातीचं असेल, यावर त्या सगळ्यांना समजावत होत्या. लोक मनापासून माना हलवत होते. एकटा दिसू नये म्हणून मीही हलवली.

"तुम्ही काय करता?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "टपालखात्यात असतो."

"तरीच एवढा घाम. कष्टाचं काम हो तुमचं," त्या म्हणाल्या आणि मला सावलीत सरकायला जागा दिली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ट्रक वर पोचला. बाबांनी उतरून मागचा फाळका पाडला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने, सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं, "चला, महापालिका, वाहतूक शाखा! अभियंता साहेब, सांभाळून उतरा."

मी उठलो, दोन सायकलींत पाय अडकवून घेतला, सोडवला आणि खाली उतरलो.

मावशींनी गाठोडं आवरत बाबांना शांतपणे सांगितलं, "टपाल बरोबर पत्त्यावर पोचलं हो."