हॉर्न दाबा, रेडिओ ऐका

यंत्राला माणसाचा स्वभाव कळतो, असं माझं ठाम मत आहे. घाबरत हात लावला की ते बिघडतं, ठणकावून लावला की निमूट चालू होतं! म्हणूनच माझ्या सेकंडहँड ॲम्बेसेडरचा रेडिओ मुका झाला तेव्हा मेकॅनिकचा सल्ला मी उडवून लावला. तो म्हणे, हा काढून टाका, नवा बसवा. डॅशबोर्डच्या मधोमध बसलेला, गाडीइतकाच जुना रेडिओ काढून टाका म्हणे! मी पाटबंधारे खात्यात आहे. आमच्याकडे धरण गळलं तरी कोणी धरण बदलत नाही.

शिवाय गुरुवार तोंडावर आला होता. त्या दुपारी माझी पुतणी प्रेमिला आकाशवाणीवर, महिलांच्या कार्यक्रमात, भाषण करणार होती. आम्हा ढोक्यांच्या घराण्यातून रेडिओवर जाणारं पहिलं माणूस! विषय काय, ते मात्र पोरीने कोणालाच सांगितलं नव्हतं. "काका, ऐकाच," एवढंच म्हणून हसायची. तिची आई म्हणजे आमच्या सिंधूताई वहिनी. त्या स्वतः शाळेत गेल्या नाहीत. देवाजीदादा गेल्यावर इतवारीच्या बाजारात धान्य निवडून त्यांनी पोरीला कॉलेजात घातलं. आठवडाभर त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. भाषण एकदाच लागणार, पुन्हा नाही. आणि गुरुवारी आमच्या भागातली लाइन दुपारभर हमखास जाते, म्हणजे घरचा रेडिओ बंद.

"काळजी करू नका वहिनी," मी सांगून टाकलं. "गाडीत बसू, ऐकत ऐकत आकाशवाणीच्या फाटकाशी जाऊ अन् पोरीले तिथूनच घेऊन येऊ."

बुधवारी संध्याकाळी मी रेडिओ उघडला. आत तारांची अशी दाटी होती की ताटात शेवया वाढल्यासारखं वाटलं. ही तिला जोड, ती हिला जोड असं करता करता तो एकदम बोलला! कापसाचे भाव लागले होते, पण मला ते गाण्यासारखे वाटले. मी अंगणात नाचलो. सगळं बंद करताना एक तार उरलेली दिसली. वस्तू वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. जिथे जागा दिसली तिथे तीही जोडून दिली.

गुरुवारी वहिनी निघाल्या त्या पांढरीशुभ्र साडी नेसून. ही साडी पेटीतून फक्त चौदा ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर जाताना निघते. त्या पुढे बसल्या, माझी बायको गोपिका मागे. मी ऐटीत रेडिओचं बटण फिरवलं. काही नाही! थोपटलं, गुद्दा मारला, लाडीगोडी लावली, तरी ढिम्म. वहिनींचा चेहरा उतरत चालला. तशात गांधीबागेच्या कापडबाजारात एक हातगाडी आडवी आली. मी हॉर्न दाबला आणि रेडिओ बोलू लागला!

हात उचलला, गप्प. दाबला, चालू! उरलेल्या तारेने आपलं काम केलं होतं. मी आनंदाने गाडी कडेला घेतली आणि हॉर्न दाबून धरला. पण अडचण तुमच्या लक्षात आली असेल. हॉर्नच्या बोंबेत रेडिओ काय बोलतो ते कोणाच्या बापाला कळत नव्हतं! वहिनी डॅशबोर्डला कान लावून बसल्या. मी उतरून हॉर्नची तार उपटली, तर दोघेही मेले. पुन्हा जोडली, दोघेही जिवंत.

"भाऊजी," वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "पोरगी तिकडं बोलून राहिली असन, अन् मले हा भोंगाच ऐकू येऊन राहिला."

 पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

आमची गाडी थांबली होती शालिकराम कापडवाल्याच्या दारात. लग्नाचा बस्ता काढायला लोक गांधीबागेत गाडी भरून येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भरलेली गाडी, ठेवणीतल्या पांढऱ्या साडीतल्या बाई आणि दारात थांबून अखंड हॉर्न! शालिकरामांनी आमचं लग्न ठरवूनच टाकलं. चहा आला. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरंच नेसते, म्हणून नवरीच्या पांढऱ्या साड्यांची चळत बॉनेटवर आली. काठ दाखवून झाले, पदर दाखवून झाले. मी मानेने नाही म्हणत होतो, ते समजले की रंग पसंत नाही, म्हणून आणखी पांढऱ्या आल्या!

शेवटी त्यांनी खिडकीत वाकून नवरी कुठे आहे, असं वहिनींना ओरडून विचारलं. वहिनींनी रेडिओकडे बोट दाखवलं. बिचारे डॅशबोर्डात डोकावून पाहू लागले.

मग गोपिकेने त्यांच्या कानाशी जाऊन सगळी हकिकत सांगितली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि साड्या एका हाताने बाजूला सारल्या.

"थांबा माय," ते म्हणाले, "पोरीचं भाषण तुमाले ऐकवल्याबिगर गाडी जाऊ देत नाही."

दुकानातल्या बैठकीच्या गाद्या, लोड, तक्के सगळं बाहेर आलं. बॉनेट उघडून त्यांनी हॉर्नभोवती ते असं ठासलं की हॉर्नचा आवाज सर्दी झालेल्या म्हशीसारखा खोल गेला. आणि त्यावरून स्वच्छ शब्द आले: "नमस्कार, मी प्रेमिला देवाजी ढोके."

दादाचं नाव रेडिओवर! वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "माही पोरगी हाये ते," त्या जमलेल्या गर्दीला सांगू लागल्या. हातगाडीवाले थांबले, शेजारचे दुकानदार उतरून आले. माझी छाती तर फुगून स्टिअरिंगला टेकली.

"आजचा विषय आहे, घरातली वीज आणि आपली सुरक्षितता," प्रेमिला म्हणाली. "अर्धवट माहितीवर कुठल्याही उपकरणाला हात लावू नये. आमच्याच घरातलं उदाहरण देते. माझ्या काकांनी इस्त्री दुरुस्त केली. तेव्हापासून दारावरची बेल दाबून धरली तरच ती गरम होते. कपड्यांना इस्त्री करायची असली की एकाला दाराबाहेर उभं करावं लागतं."

गर्दीने उघड्या बॉनेटकडे पाहिलं. गाद्यांकडे पाहिलं. मग हॉर्नवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. कोणाला काही शंका उरली असेल, तर ती वहिनींनी मोठ्या अभिमानाने मिटवली.

"हेच," माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "हेच काका हायेत तिचे."

खरं सांगतो, नुसता हात उचलायचा होता. रेडिओ मुका झाला असता आणि माझी अब्रू वाचली असती. पण वहिनी डॅशबोर्डला गाल लावून बसल्या होत्या, रडत होत्या, हसत होत्या, पोरीचा एकेक शब्द ओठांत धरत होत्या. तिकडे इस्त्री संपली आणि टेबलपंखा सुरू झाला. त्यानंतर मिक्सर. मी मान खाली घालून, भाषण संपेपर्यंत, हॉर्न दाबून बसलो.